प्रकाशाला फुटलेली वाचा



संत्र्यांच्या व्यापारात मुरलेला अडत्या पेटी उघडण्यापूर्वी तिच्या फटीशी नाक नेतो. आत एखादे फळ नासू लागले असेल तर ते डोळ्यांनी पाहण्याआधीच त्याला कळते. नाक हे मनुष्याला निसर्गाने दिलेले पहिले वायुमापक यंत्र होय. स्वयंपाकघरात करपलेली भाजी, देवघरात विझलेली समई, पावसाआधी भिजलेल्या मातीचा दरवळ, या सर्वांची वार्ता तेच आणते. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र या नाकाची जागा एका कानाने कशी घेतली, हा आहे. हवेत मिसळलेला वायू ओळखण्यासाठी त्याच्यावर प्रकाश टाकावयाचा आणि मग त्याचा आवाज ऐकावयाचा, अशी ही विद्या आहे. ऐकताना हे चमत्कारिक वाटेल. परंतु तिचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या व पुण्यास शिकलेल्या एका अभियंत्याच्या नावाने लिहिले गेले आहे.

प्रथम नाकावर आपण का विसंबू नये, ते पाहू. नाकाचे दोष तीन. पहिला दोष हा की, पुष्कळ घातक वायूंना वासच नसतो. बंद खोलीत शेगडी पेटवून निजलेल्या माणसाला मारणारा कार्बन मोनॉक्साइड निर्गंध आहे. कोळशाच्या खाणीत साठून स्फोट घडविणारा मिथेनही निर्गंध आहे. दुसरा दोष याहून भयंकर. भुयारी गटारात साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेले, की घ्राणेंद्रियच बधिर होते. खाली उतरलेल्या माणसाला वाटते, वास गेला, आता धोका टळला. वस्तुतः वायू तेथेच असतो. निघून गेलेले असते ते त्याचे नाक. तिसरा दोष असा की, नाक हिशेब ठेवत नाही. काल किती आणि आज किती, हे ते सांगू शकत नाही; आणि ज्याचा आकडा नाही त्याच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही.

या दोषांची किंमत कोणी मोजली? ज्यांना आत उतरावे लागले त्यांनी. आपल्या नागपूरच्या भोवती कामठी, सावनेर, उमरेड आणि पुढे चंद्रपूर-बल्लारपूरपर्यंत कोळशाचा मुलूख पसरला आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी १९७५ साली स्थापन झाली, तिचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. त्यामुळे खाणीतील वायूची गोष्ट आपल्याला दूरदेशीची वाटू नये. इंग्लंडात सर हम्फ्री डेव्ही याने १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षा-दिवा तयार केला. त्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. ज्योतीची उष्णता जाळीतच विरून जाई आणि बाहेरच्या वायूला आग लागत नसे. या दिव्याचा दुसरा उपयोग असा झाला, की हवेत मिथेन मिसळला म्हणजे ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसू लागे. शेकडा एक-सव्वा भाग मिथेन असला, तर सरावलेल्या डोळ्याला ती टोपी दिसे. शेकडा पाचापासून पंधरापर्यंत मिथेन स्फोटक असतो. म्हणजे इशारा आणि मृत्यू यांमध्ये फारसे अंतर नव्हते. कार्बन मोनॉक्साइडसाठी तर विलायतेतील खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत. पक्षी दांडीवरून खाली पडला की माणसांनी पळावयाचे. ही प्रथा ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत चालू होती. चंद्रावर मनुष्य उतरल्यानंतरही सतरा वर्षे एका चिमुकल्या पाखराच्या प्राणावर खाणकामगाराचे प्राण अवलंबून होते, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही.

आता आपण १८८० सालात जाऊ. त्या वेळी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू होऊन तीन वर्षे झाली होती. तिची चिमणी धूर सोडू लागली होती. तिकडे वरोऱ्यास सरकारी खाणीतून कोळसा निघत होता. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा टेलिफोनचा शोधक एका निराळ्याच नादात होता. तारेवाचून, केवळ प्रकाशकिरणावर बोलणे पाठवावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. चार्ल्स समनर टेंटर हा त्याचा सहकारी. त्यांनी एक पातळ आरसा असा बसविला, की बोलणाऱ्याच्या आवाजाने तो थरथरावा आणि त्यावरून परावर्तित होणारा सूर्यकिरणही त्याच लयीत कमीजास्त व्हावा. पलीकडे सेलेनियमच्या घटावर तो किरण पडे आणि विजेच्या प्रवाहातून पुन्हा आवाज उमटे. १८८० च्या जूनमध्ये फ्रँकलिन शाळेच्या गच्चीवरून बेलच्या प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे २१३ मीटर अंतरावर, टेंटरचे शब्द प्रकाशावर बसून गेले. या यंत्राला त्याने फोटोफोन असे नाव दिले. टेलिफोनपेक्षाही हा आपला मोठा शोध आहे, असे बेल मानीत असे. जगाने मात्र त्याचे ऐकले नाही. ढग आला की संभाषण बंद, अशा यंत्राला गिऱ्हाईक कोठून मिळणार?

परंतु या खटाटोपात एक आडवाटेचे रत्न हाती लागले. फिरत्या चकतीच्या खाचांमधून किरण तोडून तोडून एखाद्या पदार्थावर टाकला, तर सेलेनियम नसले, वीज नसली, तरी तो पदार्थ स्वतःच सूर काढतो, असे बेलच्या ध्यानात आले. किरण सेकंदास जितक्या वेळा तुटे तितक्या कंपनांचा तो सूर असे. रबराच्या पातळ चकतीने सूर दिला, लाकडाने दिला, काजळीने तर सर्वांत मोठा दिला. पुढच्याच वर्षी, १८८१ साली, लंडनमध्ये जॉन टिंडल याने आणि जर्मनीत विल्हेल्म राँटगेन याने हाच प्रयोग वायूंवर केला. होय, पुढे क्ष-किरणांमुळे प्रसिद्ध झालेला तोच राँटगेन. उष्णता शोषून घेणारे वायू आणि बाष्पे काचेच्या कुपीत भरून त्यांवर तुटक किरण टाकताच ती गाऊ लागली. ज्या वायूला उष्णताकिरण शोषता येत नाहीत तो गप्प राहिला.

याचे कारण समजावयास कठीण नाही. आपल्याकडे टिनाच्या पत्र्याच्या घरात वैशाखातील दुपार काढलेल्या प्रत्येकाला ते अनुभवाने ठाऊक आहे. ढगाची सावली सरून ऊन पडले की पत्रे तापतात, फुगतात आणि तडतडतात. पुन्हा सावली आली की आक्रसतात आणि पुन्हा तडतडतात. ऊन आणि सावली यांचा खेळ सेकंदास हजार वेळा झाला असता, तर त्या तडतडीचा अखंड सूर झाला असता. वायूचे असेच होते. त्याचे रेणू आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतात आणि एकमेकांवर आदळून ती शक्ती उष्णतेच्या रूपाने वाटून टाकतात. बंद कुपीतील हवा क्षणभर तापते आणि तिचा दाब वाढतो. प्रकाश तुटला की दाब उतरतो. दाबाची ही चढउतार म्हणजेच ध्वनी. कुपीला एक सूक्ष्मश्रवण यंत्र, म्हणजे मायक्रोफोन, बसविला की काम झाले. आवाज जितका मोठा तितका वायू अधिक.

आणखी एक गोष्ट या पद्धतीत आहे, तीच तिचा प्राण आहे. वायू मोजण्याची जुनी रीत अशी, की नळीच्या एका तोंडातून प्रकाश सोडावयाचा आणि दुसऱ्या तोंडाशी किती उरला ते पाहावयाचे. वायू अगदी थोडा असेल तर गेलेला प्रकाश आणि आलेला प्रकाश हे आकडे जवळजवळ सारखेच येतात. कापसाने भरलेली बैलगाडी काट्यावर चढवावी, मग तीतून एक बोंड काढून गाडी पुन्हा तोलावी आणि दोन वजनांच्या वजाबाकीने बोंडाचे वजन सांगावे, तसा तो प्रकार आहे. बोंडापेक्षा काट्याची चूकच मोठी! ध्वनीच्या रीतीत गाडी तोलावीच लागत नाही. केवळ ते बोंड तागडीत पडते. वायू नाही तर आवाज नाही. वायू आहे तर आवाज आहे. सीताबर्डीच्या गर्दीत एखाद्याचा आवाज किंचित खाली आला हे कोणाला कळणार? पण निजानीज झालेल्या वाड्यात कोणी कुजबुजले तर ते लगेच कानी येते.

मग इतकी सोपी आणि सुंदर युक्ती हाती असताना ती जवळजवळ नव्वद वर्षे निजून का राहिली? इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा प्रश्न हा आहे. बेलने स्वतः १८८१ साली तिच्यावर आधारलेले स्पेक्ट्रोफोन नावाचे उपकरण सुचविले होते, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या अभ्यासास ते उपयोगी पडेल हेही त्याने ओळखले होते. म्हणजे कल्पनेत उणेपणा नव्हता. उणेपणा तीन ठिकाणी होता. एक, प्रकाश. सूर्याचा किंवा दिव्याचा प्रकाश म्हणजे बाजारचा गलका. त्यात सर्व रंग एकत्र. त्याने कोणता वायू बोलतो आहे हे ओळखणे कठीण. दोन, कान. बेल आणि टिंडल यांना नळी कानाला लावून ऐकावे लागे. चांगला मायक्रोफोन आणि आवाज वाढविणारी विद्युत्साधने यावयाची होती. तीन, गरज. हवेतील वायूचा दहा लाखांतला एक भाग मोजावा, असे तेव्हा कोणाला वाटत होते? गिरणीचा धूर ही भरभराटीची खूण समजली जात होती.

१९३८ च्या सुमारास यांपैकी दोन अडचणी अंशतः दूर झाल्या. रशियात लेनिनग्राड येथे व्हिएन्गेरोव्ह याने अवरक्त प्रकाशाने आणि मायक्रोफोनने वायूंचे मिश्रण तपासले. जर्मनीत लुफ्ट याने त्याच तत्त्वावर कारखान्यांसाठी वायुमापक बनविले. मोठमोठ्या रासायनिक कारखान्यांना आपल्या नळ्यांतून काय वाहते हे जाणण्याची निकड भासू लागली होती. गरज प्रथम कारखान्याच्या मालाला वाटली; कारखान्याबाहेरच्या माणसाच्या फुप्फुसाला वाटलेली गरज पुढे ऐकली गेली. हा क्रम ध्यानात ठेवावा.

उरली होती प्रकाशाची अडचण. ती १९६० साली संपली. त्या वर्षी अमेरिकेत थिओडोर मेमन याने पहिला लेसर चालविला. लेसरचा प्रकाश एकाच शुद्ध रंगाचा, एका दिशेने जाणारा आणि प्रखर असतो. गलक्यातून निवडून काढलेला एकच स्वर म्हणा ना. आणि येथे आपल्या बारामतीचे नाव या कथेत येते.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामती येथे झाला. म्हणजे लुफ्ट आणि व्हिएन्गेरोव्ह आपापल्या देशांत वायूंचा आवाज ऐकण्याच्या खटपटीत होते, त्याच सुमारास. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार विषयात १९५८ साली ते पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली डॉक्टरेट मिळवून ते बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. ग्रॅहॅम बेलचे नाव धारण करणारी हीच ती संस्था. तेथे अवघ्या दोन-तीन वर्षांत त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड लेसर सिद्ध केला. त्यासंबंधीचा त्यांचा निबंध १९६४ साली प्रसिद्ध झाला. आपण उच्छ्वासाने जो वायू बाहेर टाकतो त्याच वायूच्या रेणूंना विजेने चेतवून त्यांच्याकडून अखंड आणि बलवान अवरक्त किरण काढावयाचा, ही ती करामत. त्यात नायट्रोजन मिसळला तर तो शक्ती साठवून कार्बन डाय-ऑक्साइडच्या हवाली करतो आणि किरणाचे बळ पुष्कळ वाढते, हेही त्यांनी दाखविले. आज पोलादाचे पत्रे कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत हा लेसर वापरला जातो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, अनेक वायूंचे रेणू ज्या अवरक्त पट्ट्यात प्रकाश शोषतात, त्याच पट्ट्यात आता हुकमी प्रकाश मिळू लागला.

१९६८ साली कर आणि ॲटवुड यांनी लेसर आणि ध्वनी यांची सांगड घातली. १९७१ साली बेल प्रयोगशाळेतील लॉइड क्रूझर याने नायट्रोजनमध्ये मिसळलेला मिथेन लेसरने ऐकला. आणि तो दहा कोटी भागांत एक भाग इतका थोडा असला तरी ऐकू येतो, असे दाखवून दिले. डेव्हीच्या दिव्याला शंभरात एक भाग दिसत असे. दोहोंमधील तफावत दहा लाख पटींची आहे. त्याच वर्षी क्रूझर आणि पटेल या दोघांनी मिळून हवेतील नायट्रिक ऑक्साइड मोजला. हा वायू मोटारींच्या धुरातून बाहेर पडतो आणि शहरांवर धुरकट विषारी आवरण तयार होण्यास कारण होतो. त्यासाठी त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने हवा तसा सूर लावता येणारा लेसर वापरला. तंबोऱ्याची तार जशी खुंटीने चढवावी वा उतरवावी, तसा या लेसरचा रंग चुंबकाची शक्ती कमीजास्त करून बदलता येई. नायट्रिक ऑक्साइड ज्या सुराला उत्तर देतो त्या सुरावर तो आणला की कुपी बोलू लागे. दहा कोटी भागांत एक भाग नायट्रिक ऑक्साइड त्यांना अवघ्या चार सेकंदांत ओळखता आला.

ही केवळ प्रयोगशाळेतील हौस नव्हती. त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानांचा मोठा वाद माजला होता. ही विमाने ज्या उंचीवरून उडणार तेथेच पृथ्वीचे ओझोनचे छत्र आहे. पॉल क्रुट्झेन याने १९७० साली आणि हॅरल्ड जॉन्स्टन याने १९७१ साली असे प्रतिपादिले होते की, नायट्रोजनची ऑक्साइडे या छत्राचा नाश करू शकतात. पण एवढ्या उंचीवर मुळात हा वायू किती आहे? मुद्दल ठाऊक नसता व्याज किती चढेल हे कोणी सांगावे? १९७३ च्या ऑक्टोबरात पटेल, बर्कहार्ट आणि लँबर्ट यांनी टेक्सासमधून एका प्रचंड फुग्याखाली आपले यंत्र टांगून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर चढविले. द्रव हेलियमने थंड ठेवलेले चुंबक, लेसर आणि ध्वनीची कुपी, असा तो सारा संसार अंधारात वर गेला. पहाटेपूर्वी नायट्रिक ऑक्साइडचा आवाज जवळजवळ नव्हता. सूर्य उगवला आणि तो वाढू लागला, कारण सूर्यप्रकाश दुसऱ्या एका ऑक्साइडचे तुकडे करून हा वायू मोकळा करतो. जे आतापर्यंत कागदावरच्या समीकरणांत होते ते आभाळात ऐकू आले. १८८० साली बेलने सूर्यकिरणाला बोलते केले होते. त्र्याण्णव वर्षांनी त्याच्याच नावाच्या संस्थेतील, बारामतीस जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाने सूर्योदयाचा परिणाम आकाशात जाऊन ऐकला. इतिहासात असे योग क्वचित जुळून येतात.

आता आपल्या शहराकडे वळू. १९५८ साली, म्हणजे पटेल पुण्याहून पदवी घेऊन बाहेर पडले त्याच वर्षी, नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी हे तिचे मुख्य विषय होते. १९७४ साली तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे झाले. आपण सारे तिला नीरी या नावाने ओळखतो. या संस्थेने १९७८ पासून नागपुरासह दहा शहरांची हवा नियमाने मोजावयास प्रारंभ केला. भारतात हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला तो १९८१ साली. म्हणजे कायद्याच्या आधी मोजणी सुरू झाली, आणि तिचे केंद्र आपले शहर होते. ही गोष्ट नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

ही मोजणी कशी होत असे? पंपाने हवा ओढून ती एका रसायनाच्या बाटलीतून तासन् तास बुडबुड्यांच्या रूपाने न्यावयाची. हवेतील सल्फर डाय-ऑक्साइड वा नायट्रोजन डाय-ऑक्साइड त्या रसायनात उतरतो. मग बाटली प्रयोगशाळेत आणून तिला रंग आणावयाचा आणि रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढावयाचे. ही रीत स्वस्त आहे, प्रामाणिक आहे आणि आजही अनेक ठिकाणी उपयोगात आहे. परंतु ती देते ती सरासरी, आणि ती देते घटना होऊन गेल्यावर. दुपारी दोन वाजता दहा मिनिटे विषारी लोट आला आणि बाकी दिवस निर्मळ गेला, तर बाटलीच्या हिशेबी तो दिवस चांगलाच. माणूस मात्र सरासरी श्वास घेत नाही; तो त्या दहा मिनिटांतही श्वास घेतो.

येथे मला भोपाळची आठवण करून देणे प्राप्त आहे. नागपूरहून आगगाडीने काही तासांच्या अंतरावरचे ते शहर. १९८४ च्या डिसेंबरात, दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री, तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या कारखान्यात गळती ओळखण्याची मुख्य रीत कोणती होती? कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, पाण्याने भरले, की गळती आहे असे समजावयाचे! विलायतेतील खाणीत निदान पाखरू होते. येथे माणसाचा डोळाच कॅनरी झाला होता.

तथापि यंत्रांचा भक्त होऊन मी तुम्हांस अर्धे सत्य सांगू इच्छित नाही. ध्वनीने वायू ओळखणारे उत्तम यंत्र त्या रात्री तेथे असते तर सर्व टळले असते काय? तसे म्हणता येत नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती; सुटलेला वायू जाळून टाकणारी ज्योत जोडलेली नव्हती. ज्यांनी हात बांधून घेतले होते त्यांना कान देऊन काय होणार? यंत्र ऐकते, उठून दार उघडणे, भोंगा वाजविणे, लोकांना जागे करणे, हे माणसांचे आणि संस्थांचे काम आहे. ऐकणारा कान आणि धावणारा पाय हे एकाच देहाला असावे लागतात.

गेल्या तीस वर्षांत हे यंत्र लहान होत गेले आहे. १९९४ साली बेल प्रयोगशाळेतच क्वांटम कॅस्केड लेसर नावाचा अवरक्त किरण देणारा चिमुकला लेसर निर्माण झाला. द्रव हेलियमची आणि मोठ्या चुंबकाची गरज उरली नाही. २००२ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात कोस्टेरेव्ह, टिटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोफोनच्या जागी मनगटी घड्याळातील गारेचा चिमटा बसविला. आपल्या हातावरच्या क्वार्ट्झ घड्याळात दोन पायांचा एक बारीक स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा थरथरून वेळ राखतो. हा चिमटा आपल्या सुरावाचून दुसरे काही ऐकत नाही. बाजारचा गोंगाट, मोटारींची घरघर त्याच्या गावीही नसते. लेसर त्याच लयीत तोडला आणि किरण चिमट्याच्या पायांमधून नेला, की वायूची कुजबुज तेवढी त्याला ऐकू येते. आता खोलीतील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारी ध्वनितत्त्वावरची नखाएवढी यंत्रेही बाजारात आली आहेत. त्यांत लेसरही नसतो, साधा अवरक्त दिवा पुरतो. विजेच्या मोठ्या रोहित्रांच्या तेलात बिघाडामुळे जे वायू विरघळतात, तेही याच तत्त्वाने ओळखतात.

आणि पेटीतल्या संत्र्याचे काय? आपल्याकडे म्हण आहे की, एक नासका आंबा अढी नासवतो. संत्र्यावर जी हिरवी बुरशी येते ती इथिलीन नावाचा वायू सोडते, आणि हा वायू इतर फळांचे वय भरभर वाढवितो. इथिलीन ज्या अवरक्त प्रकाशास उत्तर देतो तो पटेल यांच्या कार्बन डाय-ऑक्साइड लेसरमधून हुकमी मिळतो. हॉलंडमधील नेमेगन येथील शास्त्रज्ञांनी या लेसरने एकेका फुलाचा आणि फळाचा इथिलीन ध्वनीच्या रूपाने ऐकला आहे. अडत्याचे नाक जे फटीतून हुंगते, त्याच्या कितीतरी आधीची कुजबुज हे यंत्र ऐकू शकते. विदर्भाच्या बागाईतदाराला याचे मोल मी सांगावयास नको.

दोषही सांगितले पाहिजेत. हवेतील पाण्याची वाफ पुष्कळ सुरांना उत्तर देते, तेव्हा आषाढातील ओलसर हवेत एका वायूच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज मिसळण्याचे भय असते. कुपीची काच आणि भिंती स्वतः तापून खोटा सूर देतात. प्रत्येक यंत्र वेळोवेळी ज्ञात प्रमाणाच्या वायूशी ताडून पाहावे लागते. तसे न केले तर ते खोटी साक्ष देते. शिवाय ज्याला दहा कोटींत एक भाग ऐकू येतो ते यंत्र नाजूक आणि महाग असते. खाणीत उतरणाऱ्याला किंवा गटाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कामगाराला एवढी सूक्ष्मता नको असते. त्याला हवे असते कमरेला अडकविता येईल असे, चिखलात पडले तरी चालणारे, धोका दिसताच कर्कश ओरडणारे साधे यंत्र. तशी यंत्रे निराळ्या तत्त्वांवर फार वर्षांपासून मिळतात आणि ती फारशी महागही नाहीत. गटारात आणि मलकुंडात माणसाला संरक्षणावाचून उतरविण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. तरीही आपल्या देशात माणसे गटारात गुदमरून मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत राहिल्या. तेथे उणीव विज्ञानाची होती, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट निघते, ती सांगून मी थांबतो. १८८० साली कल्पना होती, पण तिला गिऱ्हाईक नव्हते. १९३८ साली कारखान्याला गरज पडली आणि यंत्र आले. १९७१ साली शहरातील धुराची आणि आकाशातील ओझोनची समाजाला चिंता वाटू लागली आणि यंत्र सूक्ष्म झाले. प्रत्येक वेळी यंत्र आले ते कोणीतरी आग्रहाने प्रश्न विचारल्यामुळे. बारामतीच्या मुलाची बुद्धी येथे जन्मली, पुण्याच्या विद्यालयात तिला धार आली. तिला पहिला मोठा प्रश्न मात्र साता समुद्रापलीकडे विचारला गेला. आपल्या खाणी, आपली गटारे, आपल्या वीजकेंद्रांच्या चिमण्या त्या काळीही होत्याच. त्यांच्याविषयीचा प्रश्न विचारण्याचे काम शास्त्रज्ञांवर सोडून चालणार नाही. ते तुमचे आमचे आहे. आपल्या मोहल्ल्याच्या हवेत आज काय आहे, ते कोण मोजते, तो आकडा आम्हांस कधी कळतो, आणि तो वाढला तर कोण धावून येतो, असे विचारणारी माणसे ज्या शहरात असतील त्या शहरात यंत्रे आपोआप येतील.

प्रकाशाला वाचा फुटली, त्याला दीडशे वर्षे होत आली. तो काय सांगतो आहे ते ऐकून घेण्याची पाळी आता आपली आहे.